जुन्या जॅझचा संग्रह : बैठक ओळखून निवड, खरेदी, जतन आणि श्रवण

ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज' २८ जून १९२८ रोजी शिकागोत ध्वनिमुद्रित झालं. सव्वातीन मिनिटांचा तुकडा. तो ओके कंपनीच्या लाखेच्या तबकडीवर आहे, नंतरच्या कित्येक एलपींवर (लांब वाजणाऱ्या तबकड्यांवर) आहे, चार-चार सीडींच्या निरनिराळ्या संचांत आहे आणि स्ट्रीमिंगवर तर डझनावारी आहे. वाजवणारे सगळीकडे तेच, पण कानावर येतं ते सारखं नसतं. कुठे ट्रम्पेटची धार बोथट झालेली असते, कुठे पट्टी थोडी चढलेली असते, कुठे पियानो घोंगडीखाली ठेवल्यासारखा वाजतो. म्हणून नुसतं 'आर्मस्ट्राँगचा संच घ्यायचा आहे' एवढं ठरवून भागत नाही. कोणत्या दिवशीचं वादन, ते कुठल्या मूळ तबकडीवरून घेतलं, कोणी आणि कसं साफ केलं, हे बघावं लागतं. ते बघायची सवय लागली की पैसे वाचतात, कपाट आटोक्यात राहतं आणि ऐकणंही खोल होतं.

आधी बैठक, मग अल्बम

एलपी कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये बाजारात आणली. त्याआधीचं बहुतेक जॅझ दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर आहे. एका बाजूला साधारण तीन मिनिटं. आपल्याकडच्या जुन्या गवयांनी याच तीन मिनिटांत राग बसवला, तीच मर्यादा इथेही होती. त्या काळात आज आपण म्हणतो तसा 'अल्बम' नव्हता. वादक एका दिवशी स्टुडिओत जमत, दोन ते चार गाणी मुद्रित करत (हीच 'बैठक') आणि कंपनी ती सोयीप्रमाणे जोड्या लावून विकत असे. 'वेस्ट एंड ब्लूज' ज्या तबकडीवर निघालं, त्या ओके ८५९७ च्या दुसऱ्या बाजूचं 'फायरवर्क्स' आदल्या दिवशी, २७ जूनला मुद्रित झालेलं आहे.

एलपी आल्यावरही हा घोळ संपला नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकाने प्रेस्टिज कंपनीसाठी ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोन दिवसांत जे वाजवलं, त्यातून कंपनीने पुढची काही वर्षं चार एलपी काढल्या. चारही एलपी वेगवेगळ्या वेळी घेतल्या तरी आपण मुळात दोन दिवसांचंच संगीत घेतलेलं असतं.

म्हणून संग्रहाचं मोजमाप 'बैठक' ठेवा. वही किंवा स्प्रेडशीट करा आणि प्रत्येक बैठकीला एक ओळ द्या. त्यात या गोष्टी हव्यात : तारीख, शहर, कंपनी, वादक आणि त्यांची वाद्यं, गाण्यांची नावं, मॅट्रिक्स क्रमांक, टेक (त्याच गाण्याचं एकेक वादन) क्रमांक, आणि आपल्याकडे ती कुठल्या सीडीवर किंवा एलपीवर आहे ते. मॅट्रिक्स क्रमांक म्हणजे तबकडीच्या एका बाजूला मुद्रणाच्या वेळी दिलेला कारखान्याचा आकडा. कॅटलॉग क्रमांक दुकानासाठी असतो आणि पुनर्मुद्रणात बदलतो. मॅट्रिक्स मुद्रणाला चिकटलेला असतो. हा तपशील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या अमेरिकन ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांच्या सूचीत फुकट बघता येतो. एलपी आणि सीडीच्या आवृत्त्यांसाठी डिस्कॉग्ज ही वेबसाइट वापरा.

गाण्याच्या नावावरून शोध घेतला तर फसायला होतं. 'को-को' नावाची दोन प्रसिद्ध मुद्रणं आहेत. वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टनचं ६ मार्च १९४० चं, आणि सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं २६ नोव्हेंबर १९४५ चं. नाव एक, पण रचना संपूर्ण वेगळ्या. एलिंग्टनचं मायनर ब्लूज आहे, पार्करचं 'चेरोकी' या गाण्याच्या स्वरसंगतींवर उभं आहे. पार्करच्या त्या दिवसाचा पहिला टेक अर्धवट तुटतो, कारण वादक थेट 'चेरोकी'ची चाल वाजवायला लागतात आणि त्यांना थांबवलं जातं. 'संपूर्ण' म्हणवणाऱ्या संचात असे तुटके टेकही असतात. ते संग्राहकाला हवे असतात, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते वाटेतल्या धोंड्यासारखे लागतात. त्याचा उपाय पुढे आहे.

कुठून सुरुवात करावी

एकदम वीस सीडींची पेटी घेऊ नका. तीन-चार सीडींचे संच घ्या आणि प्रत्येक संच दोन-तीन महिने पुरवा. आमच्या मते पहिला संच आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या छोट्या वाद्यमेळांचाच हवा. काळ १२ नोव्हेंबर १९२५ ते डिसेंबर १९२८, आकार चार सीडी. यात दोन निवडी आहेत : ब्रिटनच्या जेएसपी कंपनीचा संच आणि कोलंबियाचा २००० सालचा. जेएसपीचं ध्वनिकाम जॉन आर. टी. डेव्हिस यांचं आहे. संगणक येण्याआधीच्या काळात हा माणूस मुद्रण टेपवर घेऊन, कट्‌कट् आवाज जिथे येतो तिथला टेपवरचा लेप हाताने खरवडून काढत असे. म्हणजे फक्त ओरखडा जाई आणि संगीत तसंच राही. ध्वनीसाठी आम्ही जेएसपीच सुचवू.

दुसरा संच एलिंग्टनच्या १९४० ते १९४२ च्या व्हिक्टर मुद्रणांचा, तीन सीडींचा. बासवर जिमी ब्लँटन आणि टेनर सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर. हीच मुद्रणं १९८६ आणि २००३ अशा दोन आवृत्त्यांत मिळतात. २००३ ची घ्या, जुनीचा आवाज फार चोळलेला आहे. त्यानंतर वाद्यवृंदप्रमुख काउंट बेसीची १९३७ ते १९३९ ची डेक्का मुद्रणं, तीही तीन सीडी. त्यातल्या टेनर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगसाठी तर ती हवीतच.

पार्करची सॅव्हॉय आणि डायल कंपन्यांची स्टुडिओ मुद्रणं आठ सीडींच्या संचात आहेत. हा संच चौथा किंवा पाचवा घ्या, त्याआधी नको. तीच गाणी ओळीने तीन-चार वेळा येतात आणि कान तयार नसेल तर कंटाळा येतो. पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रिकूटाचा न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅन्गार्ड क्लबमधला एकच दिवस, २५ जून १९६१, तीन सीडींत आहे. तो मात्र कधीही घ्यावा.

एक प्रश्न नव्या संग्राहकांना पडतो : बीबॉप (चाळीसच्या दशकातली नवी, वेगवान जॅझशैली) ज्या वर्षांत घडला, त्या वर्षांची मुद्रणं इतकी कमी का? अमेरिकन वादक संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून मुद्रणावर बंदी घातली होती. डेक्काने सप्टेंबर १९४३ मध्ये करार केला, कोलंबिया आणि व्हिक्टरने नोव्हेंबर १९४४ मध्ये. ही फट भरायला सैनिकांसाठी काढलेल्या व्ही-डिस्क, रेडिओची मुद्रणं आणि क्लबमध्ये हौशी लोकांनी केलेली मुद्रणं उपयोगी पडतात. त्यांचा आवाज खराब असतो हे गृहीत धरूनच ती घ्यावीत.

संच निवडताना

बाजारातले संच ढोबळमानाने तीन जातींचे. पहिली जात मूळ कंपनीने किंवा तिच्या वारसाने काढलेल्यांची. टेप किंवा धातूचे मूळ साचे यांच्या हाताशी असतात, त्यामुळे आवाज बहुधा चांगला. दुसरी जात मोझेक रेकॉर्ड्‌सची. ही कंपनी मायकल कस्कुना आणि चार्ली लॉरी यांनी सुरू केली आणि १९८३ मध्ये पियानोवादक थेलोनियस मंकच्या ब्लू नोट कंपनीसाठीच्या मुद्रणांचा संच काढून बाजारात आली. ते मूळ कंपनीकडून ठरावीक मुदतीचा परवाना घेतात, ठरावीक प्रती काढतात, प्रत्येक पेटीवर क्रमांक घालतात आणि एलपीच्या आकाराची भली मोठी पुस्तिका देतात. ती पुस्तिका हाच निम्मा ऐवज असतो. परवाना संपला की संच बंद, आणि मग जुन्या बाजारात भाव चढतो. चढ्या भावाने घेण्याआधी आपल्या वहीतल्या बैठका बघा. तीच मुद्रणं नंतर सुट्या सीडींवर निघाली असतील तर फक्त पुस्तिकेसाठी तेवढे पैसे मोजायचे का, हे शांतपणे ठरवा.

तिसरी जात युरोपातल्या स्वस्त संचांची : 'आठ अल्बम, चार सीडी' किंवा दहा सीडींची पुठ्ठ्याची पेटी. युरोपात ध्वनिमुद्रणांचं संरक्षण आधी ५० वर्षं होतं. २०१३ मध्ये ते ७० झालं, पण जी मुद्रणं तोवर मुक्त झाली होती ती मुक्तच राहिली. म्हणजे १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेलं सगळं. या संचांमधलं संगीत बहुधा १९६२ लाच का थांबतं, त्याचं उत्तर हे. हे संच सरसकट वाईट नाहीत. जेएसपीही मुक्त मुद्रणांवरच काम करते, पण चांगल्या तबकड्या गोळा करून. वाईट संच दुसऱ्याच्या सीडीवरून नक्कल करतात, वर गोंगाट घालवायचं सॉफ्टवेअर चालवतात, आणि एकच अल्बम दोन सीडींत तोडून भरतात.

घेण्याआधी मागच्या बाजूचा आणि पुस्तिकेचा फोटो मागवा आणि एवढं तपासा :

१. बैठकींच्या तारखा आणि वादकांची नावं दिली आहेत का? नसतील तर बाकीचं बघायची फारशी गरज नाही.
२. ध्वनिकाम करणाऱ्या व्यक्तीचं नाव छापलं आहे का? चांगलं काम करणारा नाव लपवत नाही.
३. स्रोत सांगितला आहे का : मूळ टेप, धातूचा साचा की कोणाच्या संग्रहातली तबकडी?
४. जास्तीचे टेक मूळ टेकच्या लगेच मागे आहेत की शेवटी वेगळे ठेवले आहेत?
५. एका सीडीवर किती मिनिटं? ७९ मिनिटं ठासून भरली असतील तर कुठलीतरी बैठक मधेच तुटली असण्याचा संभव जास्त.
६. जुना संच असेल तर सगळ्या सीडी, पुस्तिका आणि क्रमांकाचं पान जागेवर आहे का?

जुन्या जाड दुहेरी डब्यांत आणि काही पेट्यांत सीडीवर स्पंजचा पातळ तुकडा ठेवलेला असे. वर्षांनुवर्षांत तो विरघळल्यासारखा होतो, सीडीला चिकटतो आणि तिचा थर खातो. असा स्पंज दिसला की लगेच काढून टाका. १९८८ ते १९९३ च्या सुमारास ब्रिटनमधल्या एका कारखान्यात तयार झालेल्या काही सीडी कडेपासून तपकिरी पडत जातात. विकणाऱ्याला सीडीची चमकती बाजू दिव्याखाली तिरकी धरून फोटो काढायला सांगा. तांबूस छटा असेल तर घेऊ नका, घरात अशी असेल तर आजच संगणकावर उतरवून घ्या.

आवाजाची परीक्षा

इथे घाई करू नये, कारण जुन्या जॅझच्या बाबतीत खरं नुकसान इथेच होतं.

मूळ मुद्रणात काय होतं हे आधी माहीत हवं. १९२५ च्या आधी मुद्रणात मायक्रोफोन जवळजवळ नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत आणि आवाजाच्या दाबाने सुई मेणात खाच पाडी. जोराच्या ढोलाने सुई उडे, म्हणून ड्रम दूर किंवा बाहेरच. हॉट फाइव्हची सुरुवातीची मुद्रणं त्यानंतरची असली तरी याच पद्धतीची आहेत आणि त्यांत ड्रमवादकच नाही. मे १९२७ मधल्या हॉट सेव्हनच्या बैठका विजेवर, म्हणजे मायक्रोफोन लावून झाल्या. तिथे ट्यूबा आणि बेबी डॉड्‌सचे ड्रम ऐकू येतात. १९२६ च्या गाण्यात खर्ज ऐकू येत नाही म्हणून बास वाढवू नका. जे मुद्रितच नाही ते वाढणार नाही, फक्त घरघर वाढेल.

दोन आवृत्त्यांची तुलना अशी करा. तेच गाणं दोन्हीकडून घ्या. आवाज कानाला समान होईपर्यंत कमी-जास्त करा, कारण थोडी मोठी वाजणारी आवृत्ती नेहमीच चांगली वाटते. मग एकच वीस सेकंदांचा तुकडा आलटून पालटून हेडफोनवर ऐका. ट्रम्पेटची धार आणि झांजेची किनार टिकली आहे का ते बघा. पियानोचा स्वर नैसर्गिक विरतो की अचानक गिळल्यासारखा संपतो, ते ऐका. आणि पार्श्वभूमीची खरखर सतत एकसारखी आहे की वाद्याबरोबर फुगते आणि मग नाहीशी होते? फुगणारी खरखर म्हणजे सॉफ्टवेअर जास्त चालवल्याची खूण. एकसारखी खरखर कान पाच मिनिटांत विसरतो, पण फुगणारी शेवटपर्यंत त्रास देते. शंका असेल तर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र) काढा. विसाच्या दशकातल्या विजेवरच्या मुद्रणात सुमारे ५-६ हजार हर्ट्‌झपर्यंत संगीत असतं. तीन हजारांच्या वर सगळं काळं दिसलं तर संगीतही छाटलं गेलं आहे.

पट्टी तपासणं आपल्याकडच्या श्रोत्याला सगळ्यात सोपं. '७८' हा आकडा नावालाच होता, प्रत्यक्षात यंत्रं ७४ पासून ८२ फेऱ्यांपर्यंत कशीही फिरत. वेग सहा टक्के चुकला की सूर पूर्ण अर्ध्या स्वराने सरकतो. 'वेस्ट एंड ब्लूज' ई-फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे काळी दोन. तानपुऱ्याच्या ॲपवर काळी दोन लावा आणि पियानोच्या आवर्तनाशी ताडून बघा. षड्ज जुळला तर संच विश्वासाचा. काळी दोन आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी तरंगत असेल तर ज्याने हे काम केलं त्याने कानाने तपासलेलं नाही. हा दोष फक्त जुन्या तबकड्यांचा नाही. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू, म्हणजे २ मार्च १९५९ ची बैठक, मुद्रणयंत्र किंचित हळू चालल्यामुळे कित्येक दशकं चढ्या पट्टीत विकली गेली. १९९२ च्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. त्याआधीची सीडी स्वस्तात मिळाली तरी नको.

खोट्या स्टीरिओपासून सावध राहा. साठच्या दशकात कंपन्यांनी जुनी मोनो मुद्रणं एका बाजूला खर्ज आणि दुसऱ्या बाजूला तार सप्तक अशी फोडून, वर घुमारा घालून विकली. मुखपृष्ठावर 'इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड' किंवा कॅपिटॉलच्या एलपीवर 'ड्युओफोनिक' दिसलं की सोडून द्या. १९५५ च्या आधीच्या जॅझवर स्टीरिओ लिहिलं असेल तर ते जवळजवळ नेहमी बनावट असतं.

एक सुंदर अपवाद सांगायलाच हवा, जरी तो १९५६ चा आहे. ७ जुलै १९५६ ला न्यूपोर्ट महोत्सवात एलिंग्टनच्या वाद्यवृंदात पॉल गोन्साल्व्हिसने टेनर सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं वाजवली. पण तो कोलंबियाच्या मायक्रोफोनसमोर नव्हे, व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या मायक्रोफोनसमोर उभा होता. त्यामुळे मूळ एलपीवर तो दूर कुठेतरी वाजवतो आहे असं वाटतं, आणि त्या एलपीचा बराच भाग नंतर स्टुडिओत वाजवून टाळ्या जोडलेला आहे. पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकेची टेप सापडली आणि १९९९ मध्ये दोन्ही टेप जुळवून दोन सीडींचा संपूर्ण कार्यक्रम निघाला, खऱ्या स्टीरिओत. इथे नवी आवृत्तीच घ्यायची, 'मूळ' म्हणून जुन्या एलपीमागे लागायचं नाही.

तबकड्या घ्यायच्या असतील तर

एलपीच्या जुन्या बाजारात दर्जाची अक्षरं उलगडून घ्यावी लागतात. 'निअर मिंट' आणि 'व्हीजी प्लस' ऐकण्याजोगे. 'व्हीजी' म्हणजे व्हेरी गुड, पण प्रत्यक्षात शांत जागी टिकटिक ऐकू येणारच. 'जी' म्हणजे गुड हे नाव दिशाभूल करणारं आहे, ती घेऊ नका.

ब्लू नोटच्या पहिल्या छपाईची एलपी ओळखायची तर खाचा संपल्यावरची मधली गुळगुळीत पट्टी तिरक्या प्रकाशात बघा. 'आरव्हीजी' ही अक्षरं म्हणजे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरने कापलेली तबकडी. त्याच्याजवळ कानासारखं दिसणारं छोटं चिन्ह असेल तर ती प्लॅस्टिलाइट कारखान्याची, म्हणजे १९६६ मध्ये लिबर्टी कंपनीने ब्लू नोट घेण्याच्या आसपासची किंवा त्याआधीची. लेबलवर 'डिव्हिजन ऑफ लिबर्टी' असेल तर नंतरची. पहिल्या छपाईला जो भाव पडतो तो निव्वळ ऐकण्यासाठी देण्याची गरज नाही. ब्लू नोटच्याच २०१९ पासून निघालेल्या टोन पोएट मालिकेतल्या एलपी मूळ टेपवरून कापलेल्या आहेत आणि आवाजात कुठे कमी पडत नाहीत.

७८ च्या तबकड्या वाजवायच्या तर सुई वेगळी लागते. त्यांची खाच रुंद, म्हणून टोकाची त्रिज्या सुमारे तीन मिल, म्हणजे ०.००३ इंच असलेली सुई हवी. एलपीची सुई साधारण ०.७ मिलची. ती ७८ च्या खाचेत तळाला घासते, नुसती खरखर देते आणि स्वतः झिजते. भार ३ ते ५ ग्रॅम, एलपीला दीड ते दोन. ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, उभ्या हालचालीचा गोंगाट त्याने कटतो.

मुंबईत चोरबाजाराच्या मटण स्ट्रीटला अजून लाखेच्या तबकड्यांचे गठ्ठे निघतात. तिथे जॅझ शोधताना टेडी वेदरफोर्डचं नाव लक्षात ठेवा. हा पियानोवादक १९२६ मध्ये शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात आर्मस्ट्राँगबरोबर मुद्रित झाला, पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, चाळीसच्या दशकात त्याने कलकत्त्यात कोलंबियासाठी तबकड्या केल्या आणि १९४५ मध्ये तिथेच वारला. त्या भारतीय तबकड्या आपल्याकडेच सापडणार. शिकागोतली ती १९२६ ची दोन गाणी टेटच्या नावावर आहेत, त्यामुळे फक्त 'हॉट फाइव्ह' शोधणाऱ्याच्या हातून ती निसटू शकतात. बैठकींची वही ठेवली तर निसटत नाहीत.

धुणं आणि पावसाळा

एक लिटर डिस्टिल्ड पाणी, त्यात बिनवासाच्या भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन-तीन थेंब. जास्त घातलं तर खाचेत थर राहतो. लेबल कोरडं ठेवा. मऊ ब्रश किंवा मायक्रोफायबर कापड खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवं कधीच नाही. मग निव्वळ डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा आणि उभं ठेवून किमान तासभर वाळवा. नळाचं पाणी नको, वाळल्यावर त्यातले क्षार खाचेत बसतात. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल अजिबात लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि एका पुसण्यात तबकडी कायमची पांढरट पडते. तिला पाण्यात बुडवूनही ठेवू नये. कडेला तडा असेल तर पाणी आत शिरून थर सुटतो.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. तबकड्यांना आणि पुस्तिकांना ४० ते ५० टक्के मानवते. भिंतीला टेकलेलं कपाट असेल तर ते चार बोटं पुढे ओढा, कारण बुरशी ओल्या भिंतीकडूनच सुरू होते. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आत ठेवा आणि सिलिका जेलचा रंग बदलला की ते भट्टीत १२० अंशांवर दोन तास वाळवून परत वापरा. कागदी आतल्या पाकिटांऐवजी पॉलिथिनची पाकिटं घाला. पीव्हीसीची जाड पारदर्शक पाकिटं उकाड्यात घाम सोडतात आणि एलपीवर धुकट डाग पाडतात. डांबरगोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ सीडीच्या डब्यांचं प्लॅस्टिक मऊ करू शकते. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या रचल्या की खालच्या वाकतात आणि लाखेच्या तर फुटतात.

संगणकावर उतरवणं

सीडी संगणकावर घ्यायला विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणि मॅकवर एक्सएलडी ही फुकट साधनं पुरेशी आहेत. फाइल फ्लॅकमध्ये (त्यात आवाज न छाटता साठतो) ठेवा, एमपी३ मध्ये नको. फाइलचं नाव तारखेने सुरू करा : १९२८-०६-२८, मग नेता, गाणं, टेक. असं केलं की वेगवेगळ्या संचांतली एकाच बैठकीची गाणी आपोआप शेजारी येतात. इंटरनेटवरून आपोआप भरली जाणारी माहिती तशीच स्वीकारू नका. तिथे 'साल' म्हणून बहुतेक वेळा सीडी निघाल्याचं साल असतं, आणि १९२८ चं गाणं २००० च्या खणात जाऊन बसतं.

आता तुटक्या आणि जास्तीच्या टेकांचा उपाय. प्रत्येक संचाच्या दोन याद्या करा. एकीत फक्त प्रसिद्ध झालेले टेक, तारखेच्या क्रमाने. दुसरीत संपूर्ण बैठक, जशी घडली तशी. पहिले दोन महिने फक्त पहिली यादी ऐका. गाणं तोंडपाठ झालं की मगच दुसरी उघडा. तेव्हा पार्कर त्याच जागी चार वेळा चार वेगळे विचार कसे करतो हे कळतं, आणि ज्याचा कंटाळा येत होता तेच सगळ्यात मोलाचं वाटायला लागतं.

ऐकताना मोजायचं काय

जॅझमध्ये 'कोरस' म्हणजे आवर्तन. ब्लूजचं आवर्तन १२ बारांचं, चार मात्रांचा एक बार, म्हणजे ४८ मात्रा. पहिले चार बार षड्जाच्या संगतीवर, पुढचे दोन मध्यमाच्या, दोन परत षड्जाच्या, मग पंचमाकडे जाऊन शेवटचे दोन घरी. बोटांवर बार मोजत 'वेस्ट एंड ब्लूज' लावा. आधी आर्मस्ट्राँगचा एकट्याचा उठाव, सुमारे बारा सेकंद, तालाबाहेर. मग पाच आवर्तनं : ट्रम्पेटची चाल, फ्रेड रॉबिन्सनचं ट्रॉम्बोन, जिमी स्ट्राँगच्या क्लॅरिनेटला आर्मस्ट्राँगच्या शब्दहीन गाण्याचं उत्तर, अर्ल हाइन्सचा पियानो, आणि पाचव्यात आर्मस्ट्राँग वरचा पंचम लावतो आणि जवळजवळ चार बार तो सोडत नाही. पहिल्या दिवशी फक्त आवर्तनं मोजा. दुसऱ्या दिवशी फक्त हाइन्सचा डावा हात ऐका. तिसऱ्या दिवशी मुख्य वाद्य सोडून बाकीचे काय करतात ते. एका रात्री तबकडीची एक बाजू दोनदा ऐकावी, त्याहून जास्त नको. तीन मिनिटांत इतकं भरलेलं असतं की सलग वीस बाजू ऐकल्यावर काहीच उरत नाही.

३२ बारांच्या गाण्यात आठ-आठ बारांचे चार तुकडे असतात : पहिला, तोच परत, वेगळा तिसरा, पुन्हा पहिला. तिसरा तुकडा आला की मनात खूण करा, मग वादक कितीही लांब गेला तरी आपण हरवत नाही.

लांब एलपींच्या काळातलं मात्र उलटं आहे, तिथे बैठक अखंड ऐकावी. बिल इव्हान्सचा २५ जून १९६१ चा रविवार घ्या. दुपारचे दोन आणि रात्रीचे तीन असे पाच टप्पे आहेत, एका वेळी एक टप्पा पुरे. पहिल्याच गाण्यात वीज गेल्यामुळे मुद्रण क्षणभर तुटतं, तो दोष संचाचा नाही. ग्लासांची किणकिण आणि लोकांच्या गप्पा सतत ऐकू येतात. त्या कमी करण्यासाठी काही लावू नका, आवाज थोडा वाढवा आणि डावा-उजवा स्पीकर नीट ठेवून बास कुठे उभा आहे ते शोधा. बासवादक स्कॉट लाफॅरो तालाच्या मागे मागे न चालता पियानोशी बोलतो आहे. ६ जुलैला, म्हणजे अकरा दिवसांनी, तो मोटार अपघातात गेला. त्या त्रिकूटाचं यानंतरचं कुठलंच मुद्रण नाही, म्हणून वहीत या बैठकीची ओळ लिहिताना पाचही टप्पे वेगवेगळे मांडा आणि एकेक ऐकून झाला की पुढे खूण करा.